केडगाव, सन 1900
पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी केडगावला थांबते आणि तुला कुणीतरी हाताला धरून उतरवतं. आज तू गुजरातची आहेस. वय बाराएक असावं, चेहऱ्यावरून सांगता येत नाही. तुमच्याकडे या दुष्काळाला छप्पनियो म्हणतात. घरातलं आधी कोण गेलं नि मग कोण, हे तुला नीट आठवत नाही. मराठी तुला कळत नाही. भोवतीच्या बायका बोलतात, तो नुसता गलका.

आधी केस. उवांनी भरलेलं डोकं भादरतात, अंग घासून धुतात, स्वच्छ लुगडं गुंडाळतात. मग पातळ पेज. भाकरी समोर दिसते, तू हात घालतेस, आणि ती बाजूला सरकवली जाते. उपाशी आतड्याला जड अन्न एकदम सोसत नाही, पण हे तुला कोण आणि कुठल्या भाषेत समजावणार? तू किंचाळतेस. तुला सांभाळायला दिलेली पोरगी तुझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. 1897 ला मध्य प्रांतातल्या दुष्काळातून तीही अशीच आली होती. तुझं किंचाळणं संपेपर्यंत ती थांबते आणि वाटी पुन्हा तोंडाला लावते.

संध्याकाळी प्रार्थना. शेकडो जणी जमिनीवर दाटीवाटीने बसलेल्या. पांढरं सुती लुगडं, आखूड केस, करडे डोळे अशी एक बाई आत येते. पंडिता रमाबाई, वय 42. यांच्याविषयी तुला कुणी सांगितलेलं नाही. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी पुढे कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्या स्वतःच सांगतात. संस्कृत शास्त्रार्थात कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणारी ही बाई. भूक मात्र तिला पोथीतून कळलेली नाही.

पोटाला घालून पोरी बाटवतात, हा आरोप पुण्यात जुनाच. 1893 मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळावरचे रानडे-भांडारकर बाजूला झाले. आरोप सरसकट उडवून लावण्याजोगा नाही. अन्न देणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद भुकेल्या पोरीत कुठून येणार? पण वाटी धरणारी पोरगी तुला बाटवायला बसलेली नव्हती. आपल्याला जे मिळालं ते पुढे सरकवायचं, एवढाच तिच्या लेखी येशूचा अर्थ होता, आणि माझ्या मते रमाबाईंचं केडगावचं हे मुक्ती सदन कोणत्याही प्रवचनापेक्षा अशा पोरींवर उभं होतं. पुढे रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, तेही इथल्याच बायकांनी छापलं.

रात्री निजायच्या जागेत पाय पसरायला जागा नाही. तुझी सोबतीण गुडघे टेकून पुटपुटते. मधेच तुला तुझं नाव ऐकू येतं. पण तुझ्या नावात ळ आहे, आणि या जबलपूरकडच्या पोरीच्या जिभेला तो वळत नाही. ती ल म्हणते. देवाकडे चुकीचं नाव जाणार! तू उठून बसतेस, नीट म्हणून दाखवतेस. ती परत ल. पलीकडची कोकणातली विधवा ठसठशीत ळ म्हणते. मग ओळीतल्या चारपाच जणी एकदम म्हणू लागतात, कुणीतरी फिस्सकन हसतं, आणि कोपऱ्यातून म्हातारीचा आवाज येतो. मराठी येत नसली तरी ओरडा ओळखू येतो: गप निजा गं!