मांडवगड (मांडू) : भूगोल, इतिहास व तीर्थमहात्म्य

धार व देवास येथील अनेक मराठी कुटुंबे वर्षातून एकदा तरी मांडवगडास जाऊन येतात. गडावरील देवस्थानांची माहिती भाविकांस एकत्र मिळावी, या हेतूने आम्ही हा संक्षिप्त परिचय येथे देत आहोत.

स्थान व भूगोल

मांडवगड धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, विंध्य पर्वताच्या दक्षिण कडेस वसला आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ६३० मीटर आहे. काकडा खोह नावाच्या खोल दरीने हे पठार माळव्यापासून वेगळे केले आहे. दक्षिणेस कडा तुटून खाली निमाडचे मैदान लागते व निरभ्र दिवशी दूरवर नर्मदेचे पात्र दिसते. पावसाळ्यात सारा गड ढगांत असतो. येथील गोरखचिंचेची अवाढव्य झाडे मूळची आफ्रिकेतील असून तिचे फळ ‘मांडूची इमली’ म्हणून विकले जाते.

इतिहास

परमारकाळी हे स्थान मंडपदुर्ग या नावाने ओळखले जाई. इ. स. १३०५ मध्ये ते दिल्लीच्या सुलतानांकडे गेले. १४०१ मध्ये दिलावरखान घोरी माळव्याचा स्वतंत्र अधिपती झाला आणि त्याचा पुत्र होशंगशाह याने राजधानी धारहून येथे आणली. १५६१ मध्ये अकबराच्या सैन्याने बाजबहादुराचा पराभव केला व स्वतंत्र माळव्याची ही राजधानी मोगल सुभ्यात विलीन झाली.

१७२८ च्या अमझेऱ्याच्या लढाईनंतर माळव्यात मराठ्यांचा अंमल दृढ झाला. पवारांनी धार येथे गादी स्थापिली व मांडवगड धार संस्थानात आला. १९४८ मध्ये ते संस्थान मध्य भारतात विलीन झाले.

पाण्याची व्यवस्था

गडावर नदी नाही. सर्व भिस्त पावसावर. म्हणून पूर्वजांनी मुंज, कपूर, सागर आदी तलाव व विहिरी सिद्ध केल्या. जहाज महालाच्या गच्चीवरील पाणी नागमोडी पन्हळींतून फिरत येई व वाटेत त्यातील गाळ खाली बसे. तरीही १६१७ मध्ये जहांगीर बादशहाचा मोठा लवाजमा येथे राहिला, तेव्हा पाण्याची तीव्र टंचाई झाल्याची नोंद इंग्रज वकील थॉमस रो याने केली आहे. गडाची धारणक्षमता किती मर्यादित आहे, याचा हा चारशे वर्षांपूर्वीचा दाखला होय.

देवस्थाने

१. चतुर्भुज श्रीराम मंदिर : चार भुजांची श्रीराममूर्ती अन्यत्र क्वचितच आढळते.
२. नीलकंठेश्वर : अकबरकालीन विलासगृहात आज शिवस्थान असून पायऱ्या उतरून दर्शनास जावे लागते.
३. रेवाकुंड : नर्मदा परिक्रमावासी घाट चढून येथे येतात. कुंडातील जल नर्मदेचेच आहे, अशी श्रद्धा आहे.
४. सुपार्श्वनाथ : जैन बांधवांचे प्राचीन तीर्थ.

भाविकांस विनंती

श्रावणात गर्दी वाढते, तेव्हा कुंडात व तलावांत निर्माल्य, प्लास्टिक वा साबण जाऊ देऊ नये. गोरखचिंचेची झाडे उपटून परराज्यात नेण्याचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्या वृक्षांच्या खोडांवर नावे कोरू नयेत. ज्या कुंडाला आपण रेवामाई म्हणून हात जोडतो, ते निर्मळ राखणे हीच तिची खरी पूजा होय, असे आम्हांस वाटते.