संगणकाधारित रवानगी प्रणाली (बुलढाणा जिल्हा)

संगणकाधारित रवानगी प्रणाली : आलेली मागणी नोंदवून घेणारी, हाताशी असलेल्या गाड्या व माणसे यांतून योग्य कोण ते सुचवणारी, त्याला कामावर धाडणारी आणि काम संपेपर्यंत त्याचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था. पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका या सेवांच्या गरजेतून ती वाढली. पुढे टॅक्सी, मालवाहतूक, दुरुस्ती-सेवा व घरपोच वितरण या व्यवसायांनी ती उचलली.

महाराष्ट्रात तिचे सर्वांना ठाऊक असलेले रूप म्हणजे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा. २०१४ मध्ये ती ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. नियंत्रण कक्ष पुण्यात औंध येथे. पोलिसांची ११२ सेवा राज्यात २०२१ मध्ये आली. तिचे मुख्य केंद्र नवी मुंबईत व दुसरे नागपुरात असून, आलेला कॉल जिल्ह्याकडे आणि तिथून गस्तीच्या गाडीतील पडद्यावर जातो. लोणारचा माणूस मदत मागतो तेव्हा फोन उचलणाऱ्याने लोणार पाहिलेले नसले तरी चालते, कारण कोणती गाडी कुठे उभी आहे हे त्याच्यासमोर असते. व्यवसायांना ही प्रणाली मोलाची वाटते ती याच गुणामुळे.

बुलढाणा जिल्ह्यात तिची कसोटी भूगोल घेतो. अजिंठ्याच्या डोंगररांगांनी जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग केले आहेत. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही बाजारपेठेची गावे घाटाखाली, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहेत. मेहकर, सिंदखेडराजा हे तालुके घाटावर, समृद्धी महामार्गालगत. समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून घाटावरच्या मालाची दिशाच बदलली. नकाशावर पट्टी ठेवून जवळची गाडी निवडणारी प्रणाली इथे फसते. मोताळ्यात उभी गाडी बुलढाण्याला जवळ दिसते, पण मध्ये राजूर घाट आहे आणि चढावर भरल्या ट्रकला लागणारा वेळ नकाशा सांगत नाही. म्हणून सरळ अंतराऐवजी रस्त्याचा वेळ मोजणारी प्रणालीच या जिल्ह्यात उपयोगाची.

खामगावच्या कापसासाठी १८७० मध्येच जलंबहून रेल्वेचा फाटा टाकला गेला. माल वेळेवर हलवण्याची निकड या गावाला तेव्हापासून ओळखीची आहे. जिनिंगमधून गाठी भरून तयार असतात, हमाल थांबलेले असतात आणि गाडीचा पत्ता नसतो. जुन्या पद्धतीत मुनीम वहीत पाहून ओळखीच्या दोन-तीन ड्रायव्हरांना फोन लावतो. कोणी उचलत नाही, कोणी ‘निघालोच’ म्हणतो. पडद्यावर मात्र दिसते, की मलकापूर एमआयडीसीत एक ट्रक आत्ताच रिकामा झाला आहे आणि तो खामगावकडेच परतणार आहे. भाडे त्याला मिळते आणि रिकामी फेरी वाचते. लहान वाहतूकदाराच्या नफ्यात सर्वांत मोठे भोक रिकाम्या फेरीचे असते. डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा दिवस हे तिन्ही त्यातून गळतात. माझ्या मते या प्रणालीचा पहिला लाभ हाच, वेग त्यानंतर. दुसरा लाभ असा, की एका अनुभवी मुनिमाच्या डोक्यातले ज्ञान धंद्याच्या मालकीचे होते आणि तो रजेवर गेला तरी काम अडत नाही.

तिसरा लाभ नोंदीचा. गाडी किती वाजता भरली, वजनकाट्यावर किती थांबली, माल कधी उतरला, हे आपोआप लिहिले जाते. ई-वे बिलाची मुदत साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. गाडी वाटेत अडकली तर मुदत संपण्याआधी कार्यालयाला कळणे म्हणजे दंड टळणे. थांबण्याच्या भाड्यावरून व्यापारी आणि वाहतूकदार यांच्यात होणारे वादही अशा नोंदीने लवकर मिटतात. ती नोंद ड्रायव्हरच्या बाजूनेही वापरली गेली पाहिजे: सलग किती तास तो चाकावर आहे, हे मालकाने त्यात पाहावे आणि तास जास्त झाले असतील तर त्याला पुढची फेरी देऊ नये.

या प्रणालीवर डोळे झाकून विसंबणे महागात पडते. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी पुरेशी चाचणी न घेता सगळे काम नव्या संगणकावर टाकले. गाड्यांची ठिकाणे चुकत गेली, सूचनांचा ढीग साचला आणि दुसऱ्याच दिवशी अंशतः हातपद्धतीकडे परतावे लागले. बुलढाण्यात चूक बहुधा पत्त्यात होईल. पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात, पिंपळगाव काळे जळगाव जामोदमध्ये, पिंपळगाव सराई बुलढाण्यात. नुसते ‘पिंपळगाव’ लिहिले तर खताची गाडी दुसऱ्याच तालुक्यात पोचेल. तेव्हा ग्राहकांची गावे तालुक्यासह, गोदामांची ठिकाणे प्रत्यक्ष जाऊन नोंदवावीत आणि काही आठवडे वही व पडदा दोन्ही चालू ठेवावेत. डोंगरात रेंज जाते तिथे गाडीतील यंत्राने नोंद साठवून नंतर पाठवावी, ही अट खरेदीच्या वेळीच घालावी.

समृद्धीवर गाडी अडचणीत आली, तर कार्यालयाने पडद्यावर शोधत बसू नये. ड्रायव्हरकडून रस्त्याकडेचा चॅनल क्रमांक (किलोमीटरची खूण) आणि नागपूर किंवा मुंबई यांपैकी कोणती बाजू हे विचारून आधी १०८ किंवा ११२ ला कळवावे.