जरीमरी आणि गॉर्डन हॉल

आमच्या शहापूरकडच्या बऱ्याच गावांत वेशीजवळ शेंदूर लावलेला एखादा दगड असतो. लहानपणी आजीला विचारलं होतं, ही कोणती देवी? ती म्हणाली, "जरीमरी. पटकी आणते तीच, आणि नेते पण तीच."

पटकी म्हणजे कॉलरा. आजीचं माहेर मुरबाड तालुक्यातलं. ती सात-आठ वर्षांची असताना गावात पटकी आली आणि तिचा धाकटा भाऊ गेला. तो रात्रभर पाणी मागत होता. पटकीच्या माणसाला पाणी पाजलं तर पोटात ठरत नाही, रोग वाढतो, असं मोठी माणसं सांगत. आजीला त्याच्या उशाशी बसवलं होतं आणि बजावलं होतं, पाणी द्यायचं नाही. तिनं दिलं नाही. एवढं सांगून ती नेहमी उठून आत जायची. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे.

हे सगळं परत आठवायचं कारण म्हणजे मुंबईतल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांविषयीचं वाचन. खरं सांगायचं तर मराठी छपाई कशी सुरू झाली ते शोधत होतो, आणि भेटला गॉर्डन हॉल.

हॉलचा जन्म १७८४ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. १८१२ मध्ये तो जहाजानं निघाला आणि कलकत्त्याला उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा मिशनरी नको होते. हे लोक धर्माच्या गोष्टी काढून रयत बिथरवतील आणि आपला व्यापार बुडेल, ही भीती. त्यात इंग्लंड-अमेरिकेचं युद्ध पेटलेलं. हॉल आणि त्याचा सोबती सॅम्युएल नॉट कसेबसे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले, तर इथूनही हाकलण्याचा हुकूम! दोघं गुपचूप निघाले आणि कोचीनहून परत आणले गेले. हॉलनं गव्हर्नर सर इव्हान नेपियनला पत्रं लिहून धरणंच धरलं म्हणा ना. शेवटी राहायची परवानगी मिळाली.

मग सुरू झालं रोजचं काम. आधी मराठी शिकायची. भाषा जमल्यावर बाजारात, रस्त्यात, देवळांच्या आसपास माणसं गाठून बोलायचं. मूर्तिपूजा खोटी, हे तो तोंडावर सांगे. लोक हुज्जत घालत, हसत, निघून जात. रोज हेच. उरलेल्या वेळात नवा करार मराठीत आणायचं काम. मिशननं छापखाना घातला आणि १८१७ पासून मराठी पुस्तिका छापून निघू लागल्या. शाळा काढल्या. गंमत म्हणजे मिशनच्या या शाळांमधले पंतोजी बहुतेक हिंदूच! १८२४ मध्ये मिशननं मुंबईत मुलींची शाळाही सुरू केली.

आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, ते धर्मांतर? हॉलच्या हयातीत बाप्तिस्मा घेणारे अगदी बोटांवर मोजण्याइतके. सोबती मात्र एकेक करून कमी होत गेले. नॉट तब्येतीपायी १८१५ मध्ये परतला. सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये पटकीनं गेला. ठाण्याला जॉन निकोल्स होता, तो १८२४ मध्ये वारला. १८२५ मध्ये हॉलची बायको मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, त्यातला एक मुलगा वाटेतच समुद्रावर गेला. हॉल इथेच राहिला. कामाला माणसंच उरली नव्हती.

मार्च १८२६ मध्ये तो घाटावर नाशिक-त्र्यंबकच्या फेरीला गेला. बरोबर दोन ख्रिस्ती मुलगे, वाटायला पुस्तकं आणि थोडी औषधं. नाशकात पटकीची साथ पेटली होती. लोकांना त्याच्या पुस्तकांपेक्षा औषधाची गरज होती, आणि त्यानं ते दिलं. बरंचसं औषध संपल्यावर तो परतीला लागला. १९ तारखेच्या रात्री दोडी-दापूरला पोचला. सिन्नर तालुक्यातली ही गावं. मुक्काम एका देवळाच्या ओसरीवर. पहाटे त्यालाच पटकी झाली. जवळ उरलेलं औषध घेतलं, पण ते पोटात ठरेना. २० मार्चला तो गेला. वय ४१. त्या दोन मुलांनी जागा मिळवून त्याला घोंगडीत गुंडाळून पुरलं. पेटी कुठून आणणार?

ज्या देवांना तो आयुष्यभर खोटं म्हणत आला, त्यांच्यातल्याच एकाच्या ओसरीवर त्याचा शेवट झाला. त्याचं म्हणणं मला पटत नाही. दुसऱ्याच्या गावात जाऊन त्याचा देव खोटा म्हणणं मला तरी जमायचं नाही. पण साथीच्या गावातून तो पळाला नाही, आणि स्वतःपुरतं औषध आधी बाजूला काढून ठेवलं नाही. हेही त्याच माणसानं केलं, आणि मला ते त्याच्या मतांपासून वेगळं काढता येत नाही.

त्याच्या मागे काय राहिलं? त्याच वर्षी, १८२६ मध्ये, मराठी नवा करार पुरा छापून झाला. पुढे याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी नावाचा एक पोरगा कामाला लागला, आणि त्यानं मोठेपणी निर्णयसागर काढलं. १८४२ मध्ये मिशनचं 'ज्ञानोदय' नगरला सुरू झालं. हॉल माणसं आपल्या धर्मात आणायला आला होता. ती फारशी आली नाहीत, पण मराठी अक्षरांना त्याच्या मिशनचा हात लागला तो कायमचा.

आणि ते औषध? त्या काळी पटकीवर डॉक्टर अफूचा अर्क, पाऱ्याचं कॅलोमेल असलं काहीबाही देत. रोग पाण्यातून येतो हे लंडनच्या जॉन स्नोनं १८५४ मध्ये दाखवलं, आणि रॉबर्ट कॉखनं तो जंतू ओळखला तो १८८३-८४ च्या सुमारास. पटकीनं मरणारा माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. १९७१ मध्ये बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरं पडलं म्हणून मीठ, सोडा आणि ग्लुकोज घातलेलं पाणी लोकांना पाजलं, आणि माणसं वाचली. जलसंजीवनी ती हीच. हॉलनं नाशकात वाटलेल्या औषधानं किती जण वाचले असतील कोण जाणे. दोडीच्या ओसरीवर त्याला स्वतःला हवं होतं ते पाणी, मीठ आणि साखर.

आजीच्या भावालाही तेच हवं होतं. तो बरोबर तेच मागत होता.

आमच्या तालुक्यात तानसा, भातसा अशी धरणं आहेत, मुंबई ते पाणी पिते, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतात. साठवलेलं, गढूळ पाणी प्यावं लागलं की पोरांना जुलाब लागतातच. दवाखान्यातल्या बाईंनी एकदा आजीला जलसंजीवनी करायला शिकवली : लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण हे माप ती कधी चुकली नाही. आळीत कुणाचं मूल आजारी पडलं की ती तांब्या घेऊन निघायची. बोलवायची वाट पाहायची नाही. आणि मूल पाणी प्यायला लागलं की तिथेच बसून राहायची, तांब्या रिकामा होईपर्यंत.

जरीमरीला नारळ देणं मात्र तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. हॉल भेटला असता तर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं असतं. पण मला वाटतं, भांडण संपल्यावर तिनं त्यालाही पाणी पाजलं असतं.

असो.