हाय स्ट्रीटवरचा खाटीक

७. इंग्लंडमधल्या गावाच्या मुख्य बाजाररस्त्यावरचा. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ॲप्रन आणि जनावर जवळच्या कोणत्या शेतावरचं, हे सांगणारी खडूची पाटी ही त्याची ओळख. गोमांस तो थंड खोलीत तीन-चार आठवडे टांगून ठेवतो. पाणी आटतं, तंतू मऊ पडतात. रविवारी सकाळी ताज्या मटणासाठी रांग लावणाऱ्या आपल्या वाचकाला हे अजब वाटेल. १९४० ते १९५४ मांसाचं रेशनिंग होतं, तेही वजनावर नव्हे, किमतीवर. शिवाय नाव एकाच खाटकाकडे नोंदवावं लागे. कलेजी, गुर्दा, सॉसेज मात्र बहुतेक काळ रेशनबाहेर, म्हणजे खाटकाच्या मर्जीवर. नायिकेची आई त्याच्याशी एवढं गोड बोलते ते त्यामुळेच. (संपा.)