ओक टेडी नदीचे खाणप्रदूषण

ओक टेडी ही पापुआ न्यू गिनी या देशाच्या वेस्टर्न प्रांतातील नदी असून ती फ्लाय नदीची उपनदी आहे. तेथील डोंगराळ भागातील भाषांत 'ओक' या शब्दाचा अर्थ पाणी किंवा नदी असा होतो. नदीच्या उगमप्रदेशातील फुबिलान पर्वतावर १९८४ मध्ये सोन्याची व पुढे तांब्याची खुली खाण सुरू झाली. खाणीतील टाकाऊ पदार्थ अनेक दशके थेट नदीत सोडले गेल्यामुळे मासे, पूरमैदानातील अरण्ये व काठावरील समाजजीवन यांची मोठी हानी झाली.

पार्श्वभूमी

खाणीचे व्यवस्थापन बीएचपी या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे होते. पापुआ न्यू गिनीचे सरकारही भागीदार होते. खडक दळून धातू काढून घेतल्यावर जो बारीक चिखल उरतो, तो अडवण्यासाठी धरण बांधण्याची अट मूळ योजनेत होती. मात्र १९८४ मध्ये बांधकामाच्या जागी दरड कोसळली. हा प्रदेश अतिवृष्टीचा व भूकंपप्रवण असल्याने धरण टिकणार नाही, असे कारण पुढे करण्यात आले. चिखल नदीत सोडण्याची तात्पुरती परवानगी सरकारने दिली आणि तीच व्यवहारात कायम झाली. दररोज सुमारे ८०,००० टन चिखल आणि त्याखेरीज खाणीतील टाकाऊ खडक नदीत जात असे.

माशांवरील परिणाम

मासे केवळ विषबाधेने मेले, असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात मुख्य हानी गाळाने केली. नदीचे पात्र उथळ झाले, खोल डोह भरून गेले, दगडांच्या फटींतील कीटक व शेवाळ हे माशांचे अन्न गाळाखाली गाडले गेले. पात्र उंचावल्यामुळे पुराचे पाणी सखल अरण्यांत दीर्घकाळ साचून राहू लागले. मुळांना प्राणवायू न मिळाल्याने हजारांहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्रातील झाडे वाळली. याच पाणथळ भागात अनेक मासे वाढतात. पाण्यातील विरघळलेले तांबे शेवाळाला व माशांच्या कल्ल्यांना अपायकारक ठरते, ही त्यात भर. माशांचे प्रमाण काही टप्प्यांत ७० ते ९० टक्क्यांनी घटले.

फ्लायच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातील माशांच्या शंभराहून अधिक जाती आढळतात. त्यांपैकी बारामुंडी हा मासा कोकणात जिताडा व गोव्यात चणाक या नावाने ओळखला जातो. तो समुद्रकिनाऱ्यालगत प्रजनन करतो व वाढीसाठी नदीत वर येतो. त्यामुळे नदीच्या वरच्या भागातील बिघाडाची झळ त्यालाही बसते. नदीकाठच्या सुमारे ५०,००० लोकांचा आहार मासे, सागू ताडाचे पीठ व गाळजमिनीतील मळे यांवर अवलंबून होता. मळे व सागूची बने गाळाखाली गेली, तेव्हा आहाराचे हे तीनही आधार एकाच वेळी डळमळीत झाले.

जबाबदारीचा प्रश्न

१९९४ मध्ये नदीकाठच्या रहिवाशांनी कंपनीविरुद्ध तिच्याच देशात, मेलबर्न येथील न्यायालयात दावा दाखल केला. यावर पापुआ न्यू गिनीच्या संसदेने १९९५ मध्ये परदेशात असे दावे करण्यास मनाई करणारा कायदा केला. नागरिकांचे रक्षण करणारे सरकारच खाणीचे भागधारक असले की काय होते, याचे हे ठळक उदाहरण होय. १९९६ मध्ये तडजोड होऊन भरपाई मान्य झाली. परंतु चिखल नदीत सोडणे थांबले नाही. १९९८ पासून नदीच्या खालच्या भागातील बिगे येथे गाळ उपसण्यास प्रारंभ झाला.

पर्यावरणाची हानी मोठी असल्याचे कंपनीने १९९९ मध्ये मान्य केले. २००२ मध्ये तिने आपला ५२ टक्के हिस्सा एका विकासनिधीला देऊन माघार घेतली व त्या बदल्यात पुढील दाव्यांपासून कायदेशीर संरक्षण मिळवले. खाण तत्काळ बंद करणे सरकारला परवडणारे नव्हते, कारण देशाच्या निर्यात-उत्पन्नाचा मोठा वाटा तिच्यातून येत असे. शिवाय खाणीवरच चालणाऱ्या शाळा, दवाखाने व रोजगार गमावण्याची अनेक रहिवाशांचीही तयारी नव्हती. २०१३ मध्ये संसदेने निधीचा हिस्सा सरकारच्या ताब्यात घेतला व कंपनीचे संरक्षण रद्द केले. खाण त्यानंतरही चालू राहिली. पात्रात साठलेला गाळ पुराबरोबर खाली सरकत असल्याने, उत्पादन थांबल्यानंतरही त्याचे परिणाम दीर्घकाळ जाणवत राहतील.