काडीमोड आणि कायदा

नवराबायकोचें पटेनासें झालें म्हणजे पुढें काय, या प्रश्नाला मराठी समाजांत एकच उत्तर कधींच नव्हतें. पांढरपेशा वर्गांत घटस्फोटाचा विषय निघाला कीं ‘हें पाश्चात्त्यांचें खूळ’ असा शेरा पुष्कळ वर्षें ऐकूं येई. तो मारणारांनीं आपल्या गांवच्या दुसऱ्या आळींत काय चालतें तें डोळे उघडून पाहिलें नव्हतें, असें आम्हांस वाटतें.

वऱ्हाडांतील इंझोरी हेंच गांव घ्या. तें आज वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत आहे. हा जिल्हा १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झाला. या कुणबाऊ मुलुखांत विधवेचा पाट आणि नवराबायकोची फारकत या दोन्ही गोष्टी रूढीस मान्य होत्या. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथांत कुणब्यांच्या या चाली नमूद आहेत. पंचांसमोर गवताची काडी मोडावयाची आणि संबंध तुटला असें समजावयाचें, यावरूनच ‘काडीमोड’ हा शब्द आला. सोडचिठ्ठी मिळाल्यावर बाईस पाट लावतां येई. तो मात्र रात्रीं, वाजंत्रीवांचून.

या रीतींत आम्हांस मोलाचें वाटतें तें काडी मोडणें नव्हे, त्यापूर्वींची बैठक. सासरचे, माहेरचे आणि जातींतले चार वडीलधारे एका ओसरीवर बसत. दागिने कोणाचे, लग्नाचा खर्च कोणी सोसावयाचा, मुलें कोठें राहावयाचीं, बाईस आणखी एक वेळ नांदावयास पाठवून पाहावें कीं काय, हें सारें तेथें निघे. अर्थात् त्या ओसरीवर बाईस आसन नसे. मुलें बहुधा बापाकडे राहत, आणि नवा नवरा पहिल्यास पैसे मोजी तेव्हां बाईची किंमत ठरल्यासारखेंच होई. या गोष्टींवर पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाहीं. पण ज्या घरांत शास्त्रीबोवांचा शब्द चाले, तेथें एवढीही वाट नव्हती. टाकलेली मुलगी माहेरच्या स्वयंपाकघरांत जन्म काढी, आणि त्यास कुलीनता म्हणत.

इंग्रजी न्यायालयांनीं ही बैठक खिळखिळी केली. १८७६ सालीं शंभु रघु याच्या खटल्यांत मुंबई हायकोर्टानें सांगितलें कीं, लग्न रद्द ठरविण्याचा किंवा बाईस पुनः लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्हीं मानणार नाहीं. त्या वेळीं वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटाच्या कारभाराखालीं असल्यानें हा निकाल तेथें बंधनकारक नव्हता. पण वारा कोणत्या दिशेचा हें त्यावरून कळतें. नवऱ्याची संमति नसतां केवळ जातीच्या भरंवशावर पाट लावणारी बाई आतां पीनल कोडाखालीं गुन्हेगार ठरूं लागली.

याच हायकोर्टांत १८८४ सालीं दादाजी भिकाजी यांनीं रखमाबाईवर दावा लावला. तिचें लग्न अकराव्या वर्षीं झालें होतें. विशेष हें कीं, तिच्या आईनें वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं दुसरा विवाह केला होता, म्हणजे जातीची रूढी मोकळी होती. तरीही मार्च १८८७ मध्यें कोर्टानें तिला नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असें फर्माविलें. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. एवढा गाजावाजा होऊन प्रकरण मिटलें तें न्यायासनाबाहेरच!

मुंबई इलाख्यानें १९४७ सालीं हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा केला. इंझोरी मध्यप्रांत-वऱ्हाडांत असल्यानें तो तेथें पोंचला नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. त्या कायद्याच्या २९ व्या कलमानें रूढीनें मिळालेला फारकतीचा हक्क शाबूत ठेवला, आणि १९७६ च्या दुरुस्तीनें परस्पर संमतीची वाट सर्वांसच खुली झाली.

बैठक परत आली ती १९८४ च्या कुटुंब न्यायालयांच्या कायद्यानें. न्यायाधीशानें आधीं समेटाचा यत्न करावा, मदतीस समुपदेशक असावेत, वकिलास हक्क म्हणून उभें राहतां येऊं नये, अशी त्याची योजना आहे. येथें बाईस आसन आहे. जुन्या ओसरीहून हा फरक आम्ही फार मोठा मानतों. मात्र दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपुरतेंच असें न्यायालय सक्तीचें. इतरत्र तें सरकारच्या इच्छेवर.

खेड्यांतल्या बाईची अडचण आणखी एक आहे. स्टँपाच्या कागदावर फारकत लिहून घेऊन ती दुसरें लग्न करते, आणि पुढें पोटगीचा किंवा वारशाचा वाद निघाला म्हणजे तो कागद पुरेसा नाहीं असें तिला समजतें. अमुक जातींत अशी रूढी चालत आली आहे, हें स्पष्टपणें मांडून पुराव्यानें शाबीत केलें पाहिजे, असें सुप्रीम कोर्टानें २००२ सालीं बजावलें. तो पुरावा देणारे म्हातारे पंच आतां गांवोगांवीं थोडेच उरले आहेत.