पहाटे पाचचा प्याला

सुधाकर पहाटे पाचच्या सुमारास मरणार, हे गावाला दुपारीच ठाऊक असतं. म्हाताऱ्यांनी हे मरण आधी पाहिलेलं असतं, तरुणांनी शाळेत त्यातला एखादा प्रवेश वाचलेला असतो. तरीही भंडारा जिल्ह्यातलं एखादं गाव पौषाच्या थंडीत रात्रभर जमिनीवर बसून ते मरण पुन्हा बघतं. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत नाटक दोन अंकांत उरकत नाही, ते रात्रभर चालतं. त्यामुळे राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ इथे उभं राहिलं की सुधाकराच्या घसरणीला खरोखरीचे तास मिळतात. अशा एका रात्रीचा हा घटनाक्रम. गाव लाखांदूर तालुक्यातलं कुठलंही धरा.

दुपारी ३ : शेवटाला चौदा तास

गावाबाहेरच्या दाणीवर, म्हणजे धावपट्टीवर, शंकरपट चालू आहे. बैलजोडीची धाव सेकंदांत मोजली जाते आणि भोंग्यावरून तिचा आकडा सांगितला जातो. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे पट बंद पडले होते. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि ते परतले. पट बंद होते तेव्हा नाटकांनाही फटका बसला, कारण झाडीत पट, मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) आणि नाटक एकमेकांच्या आधाराने जगतात. पटाला पाहुणे येतात आणि पाहुण्यांसाठी रात्री नाटक लागतं.

तिकडे शाळेमागच्या मैदानात कंपनीचा ट्रक रिकामा होतोय. फळ्या, रंगवलेले पडदे, लाइट, साउंड, जनरेटर. गावातल्या मंडळाने दसऱ्यानंतर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जाऊन नाटक ठरवलं होतं. वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टीतल्या कंपन्यांची पेठ. तिथे ओळीने कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावोगावची मंडळं येतात, तारीख बघतात, नट-नट्यांची नावं विचारतात, घासाघीस करतात आणि बयाणा देतात. तिकीटविक्रीचा नफा-तोटा मंडळाचा. अवकाळी पाऊस आला तर बुडणारा पैसाही मंडळाचाच.

बहुतेक मंडळं नवीन कौटुंबिक नाटक मागतात. कोणी जुनं मागितलं, तर त्यामागे बहुधा गावातलं काहीतरी कारण असतं.

संध्याकाळी ६ : अकरा तास

धान घरात आलंय, थोडाफार पैसा हातात आहे. घराघरात पाहुणे, चुलीवर भात, कढईत लाखोरीच्या डाळीचे वडे. नाटकाच्या निमित्ताने सोयरिकी जुळतात, म्हणून उपवर मुलामुलींच्या आयांची नजर आज पडद्यापेक्षा पाहुण्यांवर जास्त. मुलाची चौकशी होते : शेती किती, शिक्षण किती, नोकरी आहे का. तिसरा-चौथा प्रश्न हळू आवाजात येतो, “पेते का जी?”

‘एकच प्याला’ला लागणारी सगळी सामग्री अशी गावातच हजर आहे.

रात्री ९ : आठ तास

नटमंडळी जीपमधून उतरतात. कालची रात्र दुसऱ्या गावात, दुसऱ्या नाटकात गेलेली. दिवसा मिळेल तेवढी झोप. भाऊबीजेपासून होळीच्या आसपासपर्यंत हंगाम असाच जातो. एका नटाला एका हंगामात अनेक नाटकं तोंडी ठेवावी लागतात, तालमी थोड्या होतात, म्हणून विंगेत संहिता घेऊन बसलेल्या प्रॉम्प्टरवर बराच भार असतो. ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड रंगमंचाजवळ मांडले जातात. गाणं रेकॉर्डवरचं चालत नाही, नटाला गळा लागतो.

गुरनोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीचे. सुमारे ५,००० प्रयोग आणि ८०० भूमिकांचा हिशेब त्यांच्या नावावर आहे. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच वाचकांना झाडीपट्टी नावाची रंगभूमी आहे हे तेव्हा कळलं. ती तोवर आपल्या तिकीटबारीवर जगत आलेली होती.

रात्री १०.३० : साडेसहा तास

बसायची जागा उतरती खणलेली आहे, म्हणजे मागच्यालाही दिसेल. पुढे खुर्च्या, मागे तणस, सतरंज्या, घोंगड्या. भोंग्यावरून देणगीदारांची नावं, हरवलेल्या पोराचं नाव, मग पाहुण्यांचे सत्कार. नारळ फुटतो, नांदी होते.

नाटक गडकऱ्यांचं, पण त्यांनी त्याचा प्रयोग पाहिला नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी ते नागपूरजवळच्या सावनेरला गेले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारीला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं. सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा, पदं वि. सी. गुर्जरांची. भरजरी शालूंसाठी ओळखले जाणारे बालगंधर्व या नाटकात फाटक्या लुगड्यात उभे राहिले आणि लोकांनी ते मान्य केलं.

रात्री ११.३० : साडेपाच तास

सुधाकर हुशार वकील आहे, स्वकष्टाने वर आलेला आणि तितकाच तापट. कोर्टात त्याचा अपमान होतो, तो भर कोर्टात उसळतो आणि त्याची सनद काही काळासाठी जाते. बायको सिंधू माहेरी निघालेली, जिवलग मित्र रामलाल विलायतेला जायच्या बेतात. गडकऱ्यांनी घरातली माणसं एकेक करून बाजूला सारली आणि उरला तो कारकून तळीराम. तो दुःख विसरायचा उपाय सांगतो. एकच प्याला.

इथे पहिली संधी हुकते. कोणी जवळ बसून ती एक रात्र काढली असती, तर पुढचे चार अंक लागले नसते. मंडपातल्या बायकांमधून आवाज येतो, “पेऊ नोको रे बाबू!” सुधाकर क्षणभर थांबतो. त्या आवाजासाठी थांबणं हे झाडीतल्या नटाचं कसब, संहितेत ते लिहिलेलं नसतं. मग तो पितो.

रात्री १२.३० : साडेचार तास

आता मंडप हसतोय. आर्य मदिरा मंडळाची सभा भरली आहे. पिणाऱ्यांचं मंडळ, त्यांचे ठराव, त्यांची भाषणं, दारूच्या बाजूने एकाहून एक भारी युक्तिवाद. तळीराम हा या नाटकातला सगळ्यात लाडका माणूस. दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्यं पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला विनोद कसा पेलायचा हे सांगावं लागत नाही. नटही थोडं पदरचं घालतो, गावातल्या चार नावांची चेष्टा करतो आणि ती चार माणसं सगळ्यात मोठ्याने हसतात.

गडकऱ्यांचा डाव इथे कळतो. दारूविरुद्ध नाटक लिहिणारा दुसरा कोणी असता, तर त्याने पिणारे राक्षस दाखवले असते. गडकऱ्यांनी ते गमतीदार, बुद्धिमान आणि दिलदार दाखवले. मंडळात बसावंसं वाटतं. सुधाकराला ज्या वाटेने नेलं, त्याच वाटेने ते प्रेक्षकालाही अर्धा तास चालवतात. दुसरी संधी या हशात बुडते, कारण जे चाललंय ते कुणालाच संकट वाटत नाही.

रात्री १.३० : साडेतीन तास

मध्यंतर. चहा, चिवडा, पानठेला. आणि मंडपामागे, जनरेटरच्या पलीकडे, अंधारात मोहफुलाची.

झाडीपट्टीचा दारूचा नकाशा चमत्कारिक आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. अवैध दारू आणि वाढती गुन्हेगारी अशी कारणं देत मंत्रिमंडळाने ती २७ मे २०२१ रोजी उठवली. भंडारा आणि गोंदियात बंदी नाही. म्हणजे सुधाकर कोरड्या जिल्ह्यातून जीपने येतो, ओल्या जिल्ह्यात रात्रभर पितो आणि सकाळी पुन्हा कोरड्या जिल्ह्यात झोपायला जातो. रंगमंचावरच्या बाटलीत रंगाचं पाणी असतं. मंडपामागच्या बाटलीची खात्री कोणी देत नाही.

गावच्या मंडळातलेच दोघे-तिघे त्या अंधारातून परततात आणि पुढच्या रांगेत बसतात. त्यांच्या बायका मागे बसल्या आहेत. त्यांनी पाहिलंय.

रात्री २.३० : अडीच तास

या नाटकातला सगळ्यात निर्दय भाग आता आहे आणि त्यात दारू जवळपास नाहीच. सुधाकर सोडतो, खरोखर सोडतो. शपथ घेतो, शुद्धीवर येतो, कामासाठी जुन्या ओळखीच्या माणसांची दारं ठोठावतो. कोणी टोमणा मारतं, कोणी तोंड फिरवतं. सनद आणि अब्रू असलेल्या सुधाकराला सगळे ओळखत होते, सुधारलेल्या सुधाकराला कोणीच ओळखत नाही. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो आणि आता दुःख विसरायला पीत नाही. तळीरामाने त्याला पाजली ती एकदाच. दुसऱ्यांदा त्याला पाजली ती सज्जनांनी.

मंडपात हशा नाही. झोपलेली पोरं मांडीवर सरकवली जातात. कारण हे दार गावातही आहे. सोडलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत “आज तरी घे थोडीशी” म्हणणारा आहे आणि त्यालाच उधार नाकारताना “पिऊन उडवशील” म्हणणाराही आहे. कित्येकदा दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात.

सुधाकर रामलालला स्वतःच्या घसरणीच्या पायऱ्या उलगडून सांगतो. वकिलाची बुद्धी शाबूत आहे, स्वतःविरुद्धचा खटला तो बिनचूक मांडतो, फक्त निकाल त्याच्या हातात राहिलेला नाही.

पहाटे ३.३० : दीड तास

अंथरुणाला खिळलेल्या तळीरामाच्या उशाशी वैद्य आणि डॉक्टर भांडतात. शेवटचं मोठं हसू इथे, तेही अर्धवट. दुसरीकडे सिंधू दळण दळून घर चालवते आहे. माहेर श्रीमंत आहे, भाऊ न्यायला तयार आहे, पण ती नवऱ्याचं घर सोडत नाही.

जात्यावरच्या सिंधूला ऑक्टोपॅड शोभत नाही. चांगला वादक इथे हात आवरतो, ऑर्गनचा एक स्वर धरून ठेवतो आणि गाणारीला मोकळं सोडतो. बायका पदर तोंडाला लावतात. ही संधी सिंधूच्या हातात आहे, असं आजच्या प्रेक्षकाला वाटतं : बाळाला घे आणि निघ. पण १९१९ च्या सिंधूला निघून जायला जागा होती, हक्क नव्हता. आणि आजच्या मंडपातल्या किती जणींना दोन्ही आहेत, हे त्या मान खाली घालून बसलेल्यांनाच विचारावं लागेल.

पहाटे ४.३० : अर्धा तास

सुधाकराच्या हातात काठी आहे. बाळ मरतं. सिंधू जखमी होऊन पडते.

फौजदार येतो. सिंधू खोटं सांगते, नवऱ्याला वाचवते. इथे कधीकाळी टाळ्या पडत असत, पतिव्रतेचा विजय म्हणून. आता टाळ्या तुरळक. पुढच्या रांगेत कोणी घसा खाकरतं. दवाखान्यात “पाय घसरून पडली” असं लिहून घेतलेली बाई या तालुक्यातही असू शकते, ही शंका मंडपात फिरते आणि कोणी ती बोलत नाही. शेवटची संधी सिंधूने हाताने मिटवली. गडकऱ्यांनी तिला थोर केलं, पण तिच्या थोरपणाने कुणालाही वाचवलेलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

पहाटे ५

सुधाकर शेवटचा प्याला भरतो. या वेळी त्यात विष आहे. त्या घरात सिंधूही जगत नाही, सुधाकरही नाही. भोंग्यावरून आभारप्रदर्शन सुरू होतं, लोक घोंगड्या झटकतात.

सकाळी ६ : नंतर

मंडळाचा खजिनदार तिकिटांचा हिशेब मांडतो. कंपनीचा ट्रक भरला जातोय. आज रात्री दुसऱ्या गावात दुसरं नाटक आहे.

रात्रभराच्या या नोंदी एकाखाली एक ठेवल्या तर एक गोष्ट ठळक होते. पहिल्या प्याल्यानंतर सुधाकराच्या इच्छाशक्तीवर सगळी मदार टाकून बाकीचे प्रेक्षक झाले. मित्र, मेहुणा, जुने स्नेही, कोर्ट, फौजदार. शेवटी शिक्षा एका माणसाला झाली, पण दारं सगळ्यांनी लावली होती. म्हणून ‘एकच प्याला’ला दारूबंदीचं नाटक म्हणणं अपुरं वाटतं. बाटली कोणी दिली हे त्यात अर्ध्या तासात कळतं. उरलेले पाच तास, ती काढून घ्यायला कोण कोण आलं नाही, याची हजेरी चालते.

या मुलखातल्या बायकांनी सिंधूच्या पुढची वाट शोधली आहे. गडचिरोलीची बंदी आली ती लोकांनी रेटा लावल्यामुळे आणि त्या रेट्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. राज्याच्या नियमानुसार मतदान घेऊन निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या चिन्हावर, शिक्का मारला की गावातलं परवान्याचं दुकान बंद होतं. त्याने मोहाची भट्टी विझत नाही आणि चंद्रपूरचा अनुभवही समोर आहे. पण सिंधू एकटी जात्यावर बसली होती. या बायका मतपेटीसमोर रांगेत उभ्या राहतात, आणि नवऱ्याला फौजदारापासून वाचवायचं की नाही हा प्रश्न येण्याच्या कितीतरी आधी उभ्या राहतात. गडकऱ्यांच्या वेळापत्रकात हा प्रवेश नव्हता. १९१९ साली या मुलखातल्या बाईला मतच नव्हतं.

चहा पिताना मंडळाचे चिटणीस पुढच्या वर्षीचं नाटक विचारात घेतात. तरुणांना विनोदी हवंय. एक आजी चालता चालता थांबून म्हणते, “हेच ठेवा जी. माहा नातू या वर्षी लहान होता, झोपून गेला.”